लॅपटॉपची बॅटरी खरंच गेलीये का? तपासणीपासून बदलण्यापर्यंत

आमच्या भागात गुरुवारी सकाळी दुरुस्तीसाठी वीज घालवतात. म्हणून बुधवारी रात्री लॅपटॉप चार्जिंगला लावूनच झोपायचं, ही माझी जुनी सवय. मी घरून डीटीपीचं काम करते. दिवाळी अंकाच्या धबडग्यात अशाच एका गुरुवारी कोपऱ्यात ३८ टक्के दिसत असताना स्क्रीन काळीठिक्कर पडली. इशारा नाही, काही नाही. सोळा पानं लावून झाली होती, त्यातली शेवटची चार सेव्ह केलेली नव्हती.

पुढचे तीन आठवडे मी जे जे चुकीचं करता येतं ते सगळं केलं. एका दुकानात "मॅडम, मदरबोर्ड गेलाय, सहा हजार धरून चला" ऐकून आले. मग स्वतःच्या हुशारीवर ऑनलाइन बॅटरी मागवली, ती बसेना. परत पाठवली, दुसरी दुकानातून आणली. शेवटी काम झालं ते जेवणाच्या टेबलावर, चाळीस मिनिटांत. ज्या क्रमाने करायला हवं होतं, त्या क्रमाने इथे लिहिते आहे. क्रम सोडू नका, कारण पहिल्या तीन पायऱ्यांतच बऱ्याच जणांना कळेल की बॅटरी घ्यायची गरजच नाही.

१. सगळ्यात आधी: बॅटरी फुगलीये का ते बघा

बाकी सगळं नंतर. लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवा आणि एका कोपऱ्याला हलकंच ढकला. चारही रबरी पाय टेकलेले असतील तर तो जरासा घसरून थांबेल. भोवऱ्यासारखा गोल फिरला तर खालचं झाकण मधोमध फुगलेलं आहे. आणखी खुणा: टचपॅड एका बाजूने वर आलेला, त्याचं क्लिक लागत नाही, कीबोर्ड मध्ये उंच वाटतो, झाकण मिटल्यावर फट राहते. टचपॅड बिघडला म्हणून तोच बदलून घेणारे लोक मी पाहिले आहेत. खाली बॅटरी होती, टम्म फुगलेली.

लिथियम-आयन सेलमधलं रसायन विघटित होऊन आत वायू धरतो, त्याने पिशवी फुगते. ती परत बसत नाही. अशी बॅटरी दिसली तर चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि पुन्हा चार्ज करू नका. झाकण दाबून बसवायचा प्रयत्न नको. "हवा काढून टाकू" म्हणून सुई टोचणं तर अजिबात नको, आतला थर फाटला की आग लागते. फुगवटा जास्त असेल तर पुढची पायरी ८ स्वतः करू नका, माहीतगार तंत्रज्ञाकडे न्या आणि नेताना सांगा की बॅटरी फुगलेली आहे. फुसफुस आवाज, गोडसर उग्र वास किंवा धूर यांपैकी काहीही आलं तर तिथून बाजूला व्हा, घरच्यांना बाहेर काढा आणि १०१ ला फोन करा.

फुगलेली नसेल तर आता निवांत बसून तपासू.

२. चार्जर आणि पिन

'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग' असं दिसलं की सगळे बॅटरीला दोष देतात. निम्म्या वेळा दोष वायरीत असतो. चार्जरची वायर जिथे वळते, म्हणजे पिनेच्या आणि विटेच्या (चार्जरच्या मधल्या काळ्या ठोकळ्याच्या) तोंडाशी, तिथे बोटांनी हलवून बघा. हलवल्यावर चार्जिंगचा दिवा लुकलुकला तर वायर आतून तुटत आली आहे.

डेलच्या आणि एचपीच्या गोल पिनेच्या चार्जरमध्ये मधोमध सुईसारखी एक बारीक पिन दिसते. ती वीज देत नाही, ओळख देते: मी अमुक वॅटचा चार्जर आहे, असं लॅपटॉपला कळवते. ती वाकली किंवा तुटली तर गंमत होते. डेलचा लॅपटॉप चालू राहतो, पण बॅटरी चार्ज करत नाही आणि सुरू होताना चार्जरचा प्रकार ओळखता येत नाही अशी तक्रार करतो. बॅटरी ठणठणीत असते. स्वस्तातल्या नकली चार्जरनेही हेच होतं.

टाइप-सीवर चार्ज होणारा लॅपटॉप असेल तर कुठल्या विटेला जोडलाय ते बघा. ६५ वॅट मागणाऱ्या लॅपटॉपला मोबाइलचा २० वॅटचा चार्जर लावला, तर काम करताना तो जोडलेला असूनही टक्के उतरताना दिसतील.

ओळखीच्या कुणाकडे तसाच, तेवढ्याच वॅटचा मूळ चार्जर असेल तर तासभर उसना आणा. ही तपासणी फुकट आहे आणि माझ्या शेजारच्या काकांचे अडीच हजार वाचले ते हिच्यामुळेच.

३. चार्जिंग मुद्दाम तर थांबवलेलं नाही ना?

"माझी बॅटरी ८० च्या वर जातच नाही, गेली वाटतं." अहो, ती सोय आहे. सतत चार्जरवर असणाऱ्या लॅपटॉपची बॅटरी शंभर टक्के भरलेल्या अवस्थेत गरम होत राहिली की लवकर म्हातारी होते, म्हणून कंपन्या चार्जिंग ६० किंवा ८० च्या आसपास रोखायची सेटिंग देतात. लेनोवोच्या वँटेज ॲपमध्ये ती 'कन्झर्व्हेशन मोड' नावाने सापडेल, आसुसमध्ये मायआसुस ॲपमध्ये, एचपीमध्ये बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) 'बॅटरी हेल्थ मॅनेजर', डेलमध्ये 'प्रायमरिली एसी यूज'. ती तात्पुरती बंद करा आणि रात्रभर चार्ज करून बघा. १०० झाले तर प्रश्न मिटला. सेटिंग परत चालू करून टाका, चांगली आहे ती.

४. अहवाल काढा

विंडोजमध्ये बॅटरीची कुंडली काढायची सोय आधीपासूनच असते, कुठलंही ॲप उतरवायला नको. कीबोर्डवरचं विंडोजच्या खुणेचं बटण आणि 'आर' एकत्र दाबा, छोटी खिडकी उघडेल, तिच्यात 'सीएमडी' ही तीन इंग्रजी अक्षरं टाइप करून एंटर. काळ्या खिडकीत इंग्रजीत 'पॉवर' लिहा, त्याला चिकटून 'सी एफ जी', मग एक जागा सोडा, उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ द्या आणि तिला चिकटून 'बॅटरी' व 'रिपोर्ट' हे दोन शब्द जोडून एक करा. एंटर. फाइल कुठे साठवली ते तिथेच लिहून येतं, बहुधा सी ड्राइव्हमधल्या 'युझर्स'मध्ये तुमच्या नावाच्या फोल्डरात. ती ब्राउझरमध्ये उघडते.

एक खड्डा: काळी खिडकी 'ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणून उघडली तर फाइल विंडोजच्या 'सिस्टिम ३२' फोल्डरात जाऊन बसते आणि लोक तासभर शोधतात. ॲडमिन व्हायची गरजच नाही.

मॅकवर सेटिंग्जमध्ये बॅटरी, तिथे बॅटरी हेल्थ बघा. 'सर्व्हिस रेकमेंडेड' आलं असेल तर उत्तर मिळालं. मॅकबुकच्या बॅटऱ्या आत चिकटवलेल्या असतात, त्या घरी काढायच्या भानगडीत पडू नका. तुमच्यासाठी हा लेख पायरी ६ ला संपतो. लिनक्स वापरणाऱ्यांना 'यू-पॉवर' सांगायला मी कोण!

अहवालाला दुजोरा हवा असेल तर कंपनीची स्वतःची चाचणीही असते. एचपीचा लॅपटॉप सुरू करताना एफ २ आणि डेलचा सुरू करताना एफ १२ दाबून हार्डवेअरची तपासणी उघडते, तीत बॅटरीचा वेगळा निकाल येतो. सर्व्हिस सेंटरवाले वॉरंटीसाठी याच चाचणीचा कोड मागतात, तेव्हा त्या पडद्याचा फोटो काढून ठेवा.

५. अहवाल वाचायचा कसा

अहवालात डोळे फिरवणारे बरेच तक्ते आहेत. पहिल्यांदा दोनच आकडे बघा: 'डिझाइन कपॅसिटी' म्हणजे कारखान्यातून निघताना किती मावत होतं, आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' म्हणजे आज पूर्ण भरल्यावर किती मावतं. आकडे मिलिवॉट-तासात असतात. माझा पहिला आकडा ४१,०४० होता आणि दुसरा १७,९००. भागाकार केला, साधारण ४४ टक्के. म्हणजे पडद्यावर जे १०० टक्के दिसत होते ते मूळच्या निम्म्याहून कमी.

हा आकडा तासांत बदलून बघितला की नीट कळतं. साधं टायपिंग-ब्राउझिंग करताना लॅपटॉप आठ-दहा वॅट खातो. ४१ वॅट-तासांची बॅटरी दहा वॅटवर चार तास देईल, १८ वॅट-तासांची पावणेदोन. तुमचा लॅपटॉप पूर्वी चार तास चालायचा आणि आता पावणेदोन चालतो, तर त्यात कुठलंही गूढ नाही.

माझे ठोकताळे असे. ८० टक्क्यांच्या वर असेल तर बॅटरीला हात लावू नका, आणि तरी चार्ज उतरत असेल तर मागे कुठलं ॲप चालू आहे ते शोधा. ६० ते ८० मध्ये असेल तर बॅटरी वयात आली आहे, चालवा. ५० च्या खाली गेली की बदला. मधल्या पट्ट्यात तुमचं काम बघून ठरवा: दिवसभर चार्जरला बांधलेला लॅपटॉप असेल तर घाई नाही, वीज जाणाऱ्या गावात ऑनलाइन परीक्षा द्यायची असेल तर आहे.

'सायकल काउंट' ही तिसरी गोष्ट. एक सायकल म्हणजे एकदा चार्जिंगला लावणं नव्हे. आज ६० टक्के वापरले, उद्या ४०, मिळून एक. साध्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या ३०० ते ५०० सायकलींनंतर लक्षात येण्याइतक्या उतरतात; मॅकबुकसाठी ॲपल १,००० चा आकडा देतं. काही लॅपटॉपवर इथे नुसती रेघ दिसते, घाबरू नका.

आता ३८ टक्क्यांवर अचानक बंद पडण्याचं. बॅटरीत सेल एकामागे एक जोडलेले असतात, बहुधा तीन किंवा चार, आणि सगळ्यांत अशक्त सेल पूर्ण गाडी थांबवतो. जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. तुम्ही जड फाइल उघडली, प्रोसेसरने एकदम जास्त वीज ओढली की त्या सेलचा व्होल्टेज धाडकन खाली येतो आणि संरक्षक सर्किट वीज तोडतं. टक्के मोजणाऱ्या चिपला हे झेपत नाही, ती आपली ३८ च म्हणत राहते. मदरबोर्डचा काही संबंध नाही. खात्री हवी असेल तर अहवालात खाली 'कपॅसिटी हिस्टरी' बघा: आकडा महिनोन्महिने हळूहळू उतरला असेल तर साधं म्हातारपण. आठवड्याभरात निम्मा झाला असेल तर सेल गेला, नाहीतर मोजणीच चुकली आहे. मोजणी चुकली असेल तर एकदा पूर्ण भरून, मग आपोआप बंद पडेपर्यंत वापरून, पुन्हा पूर्ण भरल्यावर आकडा सावरतो. बॅटरी विकत घेण्याआधी एकदा हे करून बघायला काही लागत नाही. फक्त त्या वेळी महत्त्वाचं काम उघडं ठेवू नका!

६. वॉरंटी आणि कागद

लॅपटॉपला तीन वर्षांची वॉरंटी घेतली असली तरी बॅटरीला बहुतेक वेळा एकच वर्ष असतं. बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते. तरी विचारा, कारण काही वेळा बॅटरीची मुदत वेगळी विकत घेतलेली असते आणि आपण विसरतो. हाताशी एवढं असू द्या:

- खरेदीचं जीएसटी बिल, कागदावर किंवा मेलमध्ये
- लॅपटॉपच्या पोटावरचा सिरियल नंबर किंवा सर्व्हिस टॅग
- पायरी ४ चा अहवाल आणि चाचणीच्या निकालाचा फोटो
- फुगवटा असेल तर बाजूने काढलेला फोटो

लॅपटॉप सर्व्हिस सेंटरला टाकताना जॉबशीटवर 'बॅटरी तपासणी' एवढंच लिहून घ्या आणि डेटाचा बॅकअप आधी घ्या. विचारल्याशिवाय दुसरं काही बदलू नये, हेही त्याच कागदावर लिहून मागा.

७. नवी बॅटरी: लॅपटॉपचं नाव विसरा, लेबल वाचा

माझी मोठी चूक इथे झाली. लॅपटॉपच्या मॉडेलचं नाव टाकून शोधलं, पहिली दिसलेली बॅटरी मागवली. आली ती सुंदर होती, फक्त दोन बोटं लांब. खालचं झाकण उघडून बघितल्यावर कळलं: एकाच मॉडेलच्या काही लॅपटॉपमध्ये अडीच इंची हार्ड डिस्क असते आणि बॅटरी लहान, तर नुसती छोटी एसएसडी असलेल्यांमध्ये डिस्कच्या रिकाम्या जागेत मोठी बॅटरी बसवलेली असते. माझ्यात डिस्क होती. नावावरून हे कसं कळणार?

म्हणून आधी खालचं झाकण उघडा (कसं ते पायरी ८ मध्ये), जुन्या बॅटरीवरच्या लेबलचा स्पष्ट फोटो काढा, झाकण परत लावा, मग खरेदीला बसा. लेबलवर तीन गोष्टी:

पार्ट नंबर. एचपीवर तो 'एचटी०३एक्सएल' अशा धर्तीचा असतो, आणि त्यातला ०३ म्हणजे तीन सेल. डेलवर 'डब्ल्यूडीएक्स०आर' सारखी पाच अक्षरं-आकडे. हा नंबर जुळला पाहिजे, बाकी सगळं त्याच्या मागून.

व्होल्ट. तीन सेलच्या बॅटरीवर १०.८ किंवा ११.१, नव्या धर्तीच्या सेलच्या असतील तर ११.४ किंवा ११.५५; चार सेलच्या बॅटरीवर १४.४, १४.८ किंवा १५.२. एकाच पार्ट नंबरवर कधी ११.४ आणि कधी ११.५५ छापलेलं दिसतं, त्याने काही बिघडत नाही. पण ११ च्या जागी १४ किंवा उलट, हे कुणी "चालतं हो" म्हणालं तरी घेऊ नका.

वॅट-तास. व्होल्टला अँपियर-तासांनी गुणा. ११.४ व्होल्ट आणि ३,६०० मिलिअँपियर-तास म्हणजे ११.४ गुणिले ३.६, बरोबर ४१. दुकानदार मिलिअँपियरचा आकडा पुढे करतात, कारण तो मोठा दिसतो. १४.८ व्होल्टची २,७०० वाली आणि ११.४ व्होल्टची ३,५०० वाली, दोन्हींत वीज जवळपास सारखीच, चाळीस वॅट-तास. आणि मूळ बॅटरी ४१ ची असताना तेवढ्याच आकारात कुणी ६८ वॅट-तास छापले असतील तर ते शाईतच आहेत.

कुठून घ्यायची? कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून घेतली तर महाग पडते पण डोक्याला ताप नाही. मला बसवण्यासकट ५,४०० सांगितले होते. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली इथे 'कंपॅटिबल' (दुसऱ्या उत्पादकाच्या, पण त्याच लॅपटॉपला बसणाऱ्या) बॅटऱ्या निम्म्या किमतीत मिळतात. मी शेवटी गल्लीतूनच घेतली, २,३०० ला, पण चार गोष्टी बघून. एक, लेबलवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण: 'आयएस १६०४६' आणि 'आर-' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा बॅटऱ्यांना ही नोंदणी सक्तीची आहे, आणि बीआयएस केअर ॲपवर तो क्रमांक टाकला की उत्पादकाचं नाव येतं. मी दुकानातच उभी राहून टाकला. पहिल्या दुकानातल्या बॅटरीचा क्रमांक सापडला नाही, मी दुसऱ्या दुकानात गेले. दोन, बनवल्याची तारीख. जुन्या मॉडेलची 'अगदी ओरिजिनल' बॅटरी तीन वर्षं कपाटात पडलेली असू शकते, आणि नुसती पडूनही बॅटरी उतरते. तीन, पक्कं बिल आणि त्यावर सिरियल नंबर. चार, बदलून देण्याची लेखी मुदत.

ऑनलाइन मागवली तर खोका उघडतानाचा व्हिडिओ करा. अमेरिकेतल्या भावाला "येताना घेऊन ये" म्हणणार असाल तर त्याला सांगा की सुटी लिथियम बॅटरी फक्त हातातल्या बॅगेत चालते, सामानात टाकायच्या सुटकेसमध्ये नाही, आणि १०० वॅट-तासांपर्यंतच परवानगीशिवाय नेता येते. लॅपटॉपच्या बॅटऱ्या बहुधा त्याच्या आत बसतात.

"जुन्यातच नवे सेल घालून देतो, आठशेत" असंही कुणी म्हणेल. मी ते करणार नाही. सेल काढले की पुष्कळ बॅटऱ्यांमधलं नियंत्रण सर्किट स्वतःला कुलूप लावून घेतं, आणि ज्यात लावत नाही त्यात जोडकाम कसं झालंय हे आपल्याला दिसत नाही.

८. उघडणं आणि बदलणं

लागणारं सामान: छोटा फुली पेचकस (पीएच ० आणि पीएच ००), प्लॅस्टिकची पट्टी किंवा बाद झालेलं एटीएम कार्ड, जाड पुठ्ठा, उजेड, फोन. चाकू आणि धातूचा पेचकस झाकणाच्या फटीत घालू नका.

आदल्या दिवशी दोन कामं करा. बॅटरी २५ टक्क्यांच्या खाली उतरू द्या, कारण चुकून काही टोचलंच तर कमी भरलेली बॅटरी कमी भडकते. आणि लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू आहे का बघा. असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून वहीत उतरवून ठेवा. बॅटरी काढल्यावर बायोस कधी कधी मूळपदावर जातं, लॅपटॉप सुरू होताना ती की मागतो, आणि की नसेल तर बॅटरीपेक्षा मोठं संकट.

लॅपटॉप पूर्ण बंद करा (झाकण मिटून झोपवणं म्हणजे बंद नव्हे), चार्जर काढा. लेनोवोच्या थिंकपॅडमध्ये बायोसमध्ये 'डिसेबल बिल्ट-इन बॅटरी' असा पर्याय असतो, तो आधी द्या. पालथा घाला. पुठ्ठ्यावर लॅपटॉपचा आयत काढा आणि जो स्क्रू जिथून निघेल तिथेच पुठ्ठ्यात टोचत जा. हे पोरकट वाटेल, पण स्क्रू एका लांबीचे नसतात. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर तो वरच्या बाजूला, जिथे हात टेकतो तिथे, पुळी आल्यासारखा दिसतो, किंवा बोर्डात घुसतो. काही स्क्रू झाकणातच अडकून राहतात, ओढून काढू नका, फिरवून सैल झाले की पुरे.

सगळे स्क्रू काढूनही झाकण हलत नसेल तर जोर लावायच्या आधी रबरी पट्ट्यांखाली बोट फिरवा. खळगा लागला की तिथे लपलेला स्क्रू आहे. मग एका कोपऱ्यातून कार्ड आत सरकवा आणि कडेने नेत जा. टक, टक, टक असे हुक सुटत जातात. पहिल्यांदा प्रत्येक आवाजाला वाटतं, मोडलं.

आत बॅटरी म्हणजे काळा, रुंद, चपटा ठोकळा. आधी पूर्ण पोटाचा फोटो. कुठली वायर बॅटरीच्या कडेने जाते, कुठल्या खाचेत बसवली आहे, हे नंतर आठवत नाही. दुसरं कशालाही हात लावण्याआधी बॅटरीची पिन काढा. तिला सहा ते दहा वायरी असतात, त्या धरून ओढल्या तर सॉकेट बोर्डावरून उचकटतं आणि मग तो दुकानदार म्हणाला तसा खरंच मदरबोर्ड जातो. पिनेच्या दोन्ही बाजूंना छोटे कान असतात, तिथे नखं लावून डावी-उजवी करत इवल्या इवल्या ढकलीने सरकवा. काही ठिकाणी तिच्यावर तारेची कडी असते, ती आधी उलटी पाडा. काही पिना सरकत नाहीत, वर उचलाव्या लागतात. कुठली ते सॉकेटची उघडी बाजू बघून कळतं. माझी पाच मिनिटं निघत नव्हती आणि निघाली तेव्हा आवाजही झाला नाही.

पिन निघाल्यावर पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा, उरलीसुरली वीज जाते. बॅटरीचे चार-सहा स्क्रू काढा, बॅटरी सपाट उचला, वाकवू नका. नवी तशीच ठेवा. जुन्या-नव्या पिना शेजारी धरून वायरींचे रंग आणि संख्या एकदा जुळवा. बसवा, वायरी खाचेत घाला, स्क्रू हलकेच आवळा, शेवटी पिन घाला. ती पूर्ण आत बसली की सॉकेटच्या कडेशी सपाट होते.

झाकण नुसतं टेकवा आणि सुरू करून बघा. बटण दाबून काही झालं नाही तर घाबरू नका: काही नव्या बॅटऱ्या चार्जर जोडेपर्यंत झोपलेल्या असतात. चार्जर लावा. सुरू झालं की मग हुक दाबून बसवा आणि स्क्रू पुठ्ठ्यावरून जागच्या जागी.

९. पहिले दोन दिवस

तारीख-वेळ आधी बघा. ती मागे गेलेली असेल तर वेबसाइट्स 'सुरक्षित नाही' म्हणून उघडणार नाहीत आणि तुम्ही इंटरनेटवाल्याला फोन कराल. मी केला होता.

पूर्ण चार्ज करा, बंद पडेपर्यंत वापरा, पुन्हा पूर्ण चार्ज करा, म्हणजे टक्के मोजणारी चिप नव्या बॅटरीला ओळखते. मग पायरी ४ चा अहवाल परत काढा. दोन आकडे जवळपास सारखे हवेत आणि सायकल काउंट एक आकडी. पण चिपमध्ये आकडे खोटेही भरता येतात, म्हणून घड्याळ लावून बघा: उजेड निम्मा, वायफाय चालू, एक लांब व्हिडिओ पुन्हा पुन्हा. ४१ वॅट-तासांची बॅटरी दीड तासात आटोपली तर लगेच परत करा, बदलून देण्याची मुदत संपायच्या आत. माझी तीन तास पन्नास मिनिटं गेली.

दोन दिवस हात लावून बघत राहा. चार्ज होताना कोमट होणं ठीक, हात ठेववत नाही इतकं गरम होणं नाही.

१०. जुनीचं काय करायचं

घंटागाडीत टाकायची नाही. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की पेट घेते, आणि त्या गाडीवर माणसं असतात. भंगारवाल्यालाही नको, तो ती फोडतो. पिनेला चिकटपट्टी लावा. फुगलेली असेल तर पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवून गॅलरीत, उन्हाच्या आड. बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट रूल्स, २०२२ प्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून नवी जिथून घेतली तिथेच आधी विचारा, नाही तर लॅपटॉपच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला किंवा नोंदणीकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्या. माझी बिस्किटांच्या डब्यात नऊ दिवस होती. दहाव्या दिवशी केंद्रावरच्या मुलाने डबा उघडून वाळू बघितली, हसला, आणि बॅटरी घेऊन डबा परत दिला.